फोर टॉप्सची एकच रेकॉर्ड घ्यायची असेल तर

माझ्या भाच्याने दिवाळीच्या बोनसमधून रेकॉर्ड प्लेयर घेतला. त्यानंतर महिनाभर तो 'आता काय ऐकू' या प्रश्नाने पछाडलेला होता. मग एके रात्री त्याचा फोन आला. "मामा, फोर टॉप्सच्या तीन रेकॉर्डी बघून ठेवल्यात. बाहेरून मागवायच्या म्हणजे किंमत तोंडाला फेस आणणारी, परवडेल एकच. कुठली घेऊ?" मी बोलायला लागलो. अर्ध्या तासाने त्याने जांभई दाबली आणि म्हणाला, "तू हे लिहूनच पाठव ना." तर हे लिहून पाठवतोय. त्याच्यासारख्याच पेचात असलेल्या आणखी कुणाला उपयोग झाला तर बरंच.

त्याने काढलेल्या तीन रेकॉर्डी अशा: 'रीच आउट' (1967), 'स्टिल वॉटर्स रन डीप' (1970) आणि 'कीपर ऑफ द कॅसल' (1972). निवड त्याची त्याने केली होती आणि नेमकी केली होती. पाचेक वर्षांत तेच चार गायक तीन वेगळ्या निर्मात्यांच्या हाताखाली गेले आणि तीन वेगळ्या प्रकारे वाजले. पहिली सगळ्यांना ठाऊक आहे. तिसरीतलं एक गाणं अमेरिकेत जुनी गाणी लावणाऱ्या रेडिओवर अजून वाजतं. मधली मात्र कुणी फारशी हातात घेत नाही. माझी स्वतःचीही ती पंधरा वर्षं राहूनच गेली होती.

ज्यांना हे लोक माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. लेव्ही स्टब्स, अब्दुल 'ड्यूक' फकीर, रेनाल्डो 'ओबी' बेन्सन आणि लॉरेन्स पेटन ही अमेरिकेतल्या डेट्रॉइटमधली चार शाळकरी पोरं 1953 मध्ये एकत्र आली. आधीचं नाव फोर एम्स, पण एम्स ब्रदर्स नावाचे गायक आधीच प्रसिद्ध होते, म्हणून 1956 मध्ये ते फोर टॉप्स झाले. पुढची सात वर्षं त्यांनी हॉटेलांत, क्लबांत जॅझ गात काढली. डेट्रॉइटच्याच मोटाउन या रेकॉर्ड कंपनीत आले ते 1963 साली, म्हणजे मोटाउनची इतर मुलंमुली नुकती शाळेतून बाहेर पडत होती तेव्हा यांच्या पाठीशी दहा वर्षांचा रियाज होता. आणि एकदा जमलेले हे चौघे 1997 मध्ये पेटन जाईपर्यंत एकत्र राहिले. चव्वेचाळीस वर्षं, एकही माणूस बदलला नाही. आपल्याकडे दोन भाऊ एका ऑर्केस्ट्रात चार वर्षं टिकत नाहीत.

फकीर हे आडनाव वाचून तुम्ही थबकला असाल. ड्यूक फकीरचे वडील आजच्या बांगलादेशातून डेट्रॉइटला आलेले होते. चौघांत वरच्या पट्टीचा आवाज त्याचा. 2024 च्या जुलैमध्ये 88 व्या वर्षी तो गेला. मूळच्या चौघांतला तो शेवटचा.

आता रेकॉर्डी.

'रीच आउट'बद्दल वाईट बोलणं कठीण. हॉलंड-डोझियर-हॉलंड ही गीतकार-निर्मात्यांची तिकडी तेव्हा ऐन भरात होती. एकाच तबकडीवर 'रीच आउट आय'ल बी देअर', 'स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ लव्ह', 'बर्नडेट' आणि 'सेव्हन रूम्स ऑफ ग्लूम'. पहिलं तर 1966 मध्ये अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेलेलं. या गाण्यांची युक्ती आपल्या कानाला चटकन कळेल अशी आहे. मुख्य गायक लेव्हीचा आवाज मुळात भारदस्त, खालच्या अंगाचा. तिकडीने मुद्दाम त्याला पट्टी चढवून दिली. त्याच्या आवाजाला जिथे आरामात पोचता येत नाही तिथे गाणं नेऊन ठेवलं. त्यामुळे तो गात नाही, हाका मारतो. 'बर्नडेट'मध्ये गाणं संपल्यासारखं वाटतं, वाद्यं थांबतात, क्षणभर शांतता, आणि त्या शांततेत तो एकटाच तिचं नाव घेऊन ओरडतो. मी शंभर वेळा ऐकलं असेल. तरी त्या जागेला मान अजून आपोआप वर होते. खाली मोटाउनच्या वादकांतल्या जेम्स जेमरसनची बेस गिटार अशी पळते की गाणं तिच्याच मागे धावतंय असं वाटावं.

'रीच आउट' हे गाणं चौघांना फारसं पटलेलं नव्हतं, हे ड्यूक फकीर मुलाखतींमधून सांगायचा. त्यांना ते प्रयोग म्हणून ठीक वाटलं होतं, बाजारात आणू नका असं त्यांचं म्हणणं होतं. मोटाउनच्या मालकाने ऐकलं नाही, ते बरं झालं.

मग अडचण कुठे? अडचण ही की ही रेकॉर्ड म्हणजे चार हिरे आणि भरीला बाकीचा माल. बाकीच्यांत 'वॉक अवे रेने' आणि 'इफ आय वेअर अ कार्पेंटर' ही दोन दुसऱ्यांची गाणी उत्तम उतरली आहेत. हॉलंड-डोझियर-हॉलंड यांचे मोटाउनशी बिनसून हात आखडते झाल्यावर कंपनीने तीच दोन 1968 मध्ये सुटी काढून विकली, आणि ती चाललीही. पण त्याच तबकडीवर मंकीज या टीव्हीवरच्या पोरांच्या बँडची दोन गाणी आहेत, 'लास्ट ट्रेन टू क्लार्क्सव्हिल' आणि 'आय'म अ बिलीव्हर'. ती लेव्हीने का गायली, याचं उत्तर कंपनीच्या हिशेबाच्या वहीत असेल, संगीतात नाही. शिवाय चार मोठी गाणी कुठल्याही 'सर्वोत्कृष्ट' संग्रहात मिळतात. ज्याच्याकडे तसा संग्रह आहे त्याने 'रीच आउट' विकत घेणं म्हणजे चार गाण्यांचे दुसऱ्यांदा पैसे मोजणं.

एक बारीक गोष्ट. त्या काळात रेकॉर्ड मोनो आणि स्टिरिओ अशा दोन्हींत निघायची. 'रीच आउट' घ्यायचीच असेल तर मोनो शोधा. स्टिरिओत आवाज दोन बाजूंना पांगतो, आणि या गाण्यांची सगळी गंमत ते एकाच मुठीत आवळलेले असण्यात आहे.

आता मधली.

'स्टिल वॉटर्स रन डीप' या इंग्रजी म्हणीचं मराठी करायला गेलं की पंचाईत होते. आपण तेच उलट्या बाजूने म्हणतो: उथळ पाण्याला खळखळाट फार. या दोन रेकॉर्डींना ही म्हण लावली तर 'रीच आउट'वर अन्याय होईल. तिचा खळखळाट उथळ नाही. पण संथ पाणी कशाला म्हणतात ते कळायला 1970 ची ही तबकडी लावावी.

निर्माता फ्रँक विल्सन. हे नाव ओळखीचं वाटलं तर तुम्ही नक्कीच जुन्या रेकॉर्डींच्या मागे लागलेले आहात. याच विल्सनने 1965 मध्ये स्वतः गायलेली 'डू आय लव्ह यू' ही छोटी रेकॉर्ड कंपनीने बाजारात येण्याआधीच रद्द केली, जेमतेम एक-दोन प्रती वाचल्या. त्यातली एक 2009 मध्ये पंचवीस हजार पौंडांच्या वर विकली गेली. पण गायक विल्सनपेक्षा हा निर्माता विल्सन जास्त मोलाचा, असं माझं मत. त्याने फोर टॉप्सचं काय केलं? लेव्हीची पट्टी खाली आणली. एवढंच. निदान वरवर एवढंच.

पट्टी खाली आल्यावर काय होतं ते आपल्याकडच्या कुठल्याही गाणाऱ्याला विचारा. हाक मारणारा माणूस बोलायला लागतो. पहिलं गाणं 'स्टिल वॉटर्स (लव्ह)', फ्रँक विल्सन आणि मोटाउनचा गायक-गीतकार स्मोकी रॉबिन्सन यांचं. ते सुरू होतं तेच कुणीतरी शेजारी येऊन हलक्या आवाजात बोलल्यासारखं. मग ठेका येतो, पण धावत नाही, चालतो. तंतुवाद्यं मागे, लांबवर. आणि इथे प्रथम नीट ऐकू येतात ते बाकीचे तिघे.

हा मुद्दा जरा नीट सांगतो, कारण निवड यावरच ठरते. पोवाड्यात शाहीर पुढे आणि झीलकरी मागे असतात. शाहिराने ओळ टाकायची, झीलकऱ्यांनी ती उचलून वर न्यायची. 'रीच आउट'मध्ये पेटन, बेन्सन आणि फकीर हे झीलकरी आहेत. त्यातही मोटाउनने त्यांच्या जोडीला अँडांटीज नावाच्या तिघी गायिका घातल्या, त्यामुळे झील भरदार झाली, पण कुठला आवाज कुणाचा ते ओळखू येईनासं झालं. हे चौघे दहा वर्षं जॅझ गाऊन आलेले होते, स्वरमेळ बांधायचं काम पेटन करायचा आणि ते त्याच्या हातचा मळ होतं. त्या शिक्षणाचा हिट गाण्यांत निम्माही वापर झाला नव्हता. विल्सनने तो केला. 'इट्स ऑल इन द गेम' ऐका. लेव्ही एकटा पुढे उभा नाही, बाकीचे आवाजही ओळ उचलतात. चार माणसं एकमेकांच्या गळ्यात हात घालून घरी परत चालली आहेत असं ते गाणं आहे. झीलकरी झील न ओढता स्वतःच गायला लागल्यावर काय होतं, ते इथे ऐकायला मिळतं.

(या गाण्याची चाल कुणाची, हे सांगायचा मोह आवरत नाही. चार्ल्स डॉझ. हा माणूस बँकर होता, पुढे अमेरिकेचा उपाध्यक्ष झाला आणि 1925 च्या शांततेच्या नोबेलचा मानकरीही. त्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हौसेने बांधलेल्या चालीवर 1951 मध्ये शब्द चढवले गेले. उपाध्यक्षाच्या चालीवर डेट्रॉइटची चार पोरं गायली आणि ब्रिटनमध्ये ते गाणं पाचव्या क्रमांकावर गेलं.)

रेकॉर्डीत पुन्हा दुसऱ्यांची गाणी आहेतच. मोटाउनच्याच सुप्रीम्स या गायिकांच्या गटाचं 'रिफ्लेक्शन्स', 'एव्हरीबडीज टॉकिन'', 'इल्युसिव्ह बटरफ्लाय'. पण 'रीच आउट'सारखी ती उसनी वाटत नाहीत. सगळ्यांना एकाच पाण्यात बुडवून काढलं आहे. शेवटही 'स्टिल वॉटर्स (पीस)' या गाण्यानेच होतो, म्हणजे सुरुवातीचीच चाल, आता प्रेमाऐवजी शांततेबद्दल. साल 1970, व्हिएतनामचं युद्ध चालू. घोषणा कुठे नाही. चढवलेला सूर नाही.

ही रेकॉर्ड इतकी विसरली का गेली? माझा तर्क असा. एक म्हणजे ती 'रीच आउट'च्या सावलीत आली, लोकांना पुन्हा तीच हाक हवी होती. 'स्टिल वॉटर्स (लव्ह)' अमेरिकेत अकराव्या क्रमांकापर्यंत गेलं, म्हणजे अपयश मुळीच नव्हे. पण दुसरं कारण मोठं आहे, आणि ते कारण घरातूनच निघालं.

1969 च्या मेमध्ये फोर टॉप्सची बस कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत होती. तिथे पीपल्स पार्कमध्ये जमलेल्या तरुणांवर पोलिसांनी केलेली मारहाण ओबी बेन्सनने पाहिली. हे काय चाललंय, हा प्रश्न त्याच्या डोक्यात घोळत राहिला आणि मोटाउनचा गीतकार अल क्लीव्हलंड याच्याबरोबर त्याने एक गाणं रचायला घेतलं. स्वतःच्या गटाकडे नेलं तर बाकीच्यांनी नको म्हटलं, हे निषेधाचं गाणं आहे, आपलं काम नव्हे. ओबी म्हणत राहिला की हे प्रेमाचंच गाणं आहे. शेवटी तो ते मोटाउनचाच गायक मार्व्हिन गे याच्याकडे घेऊन गेला. गेने त्यात स्वतःची भर घातली आणि 1971 मध्ये 'व्हॉट्स गोइंग ऑन' आलं. गाणं आणि त्याच नावाचा अल्बम, दोन्ही. तो अल्बम जगभर गाजला.

आता गेची ती रेकॉर्ड आणि ही एकापाठोपाठ एक लावून बघा. गाणी एकमेकांत विरघळल्यासारखी, मागे तरंगणारी तंतुवाद्यं, बोलल्यासारखा गळा, आणि शेवटाला पुन्हा सुरुवातीची चाल. गेने हे सगळं कुठल्या कुठे नेलं, तो अल्बम मोठाच आहे, वादच नाही. पण ज्या वाटेने तो गेला ती एक वर्ष आधी त्याच कंपनीत, त्याच शहरात कुणीतरी चालून गेलं होतं. आणि गेनंतर ही वाट त्याच्याच नावाची झाली.

दोष आहेत. 'एल. ए. (माय टाउन)' हे गाणं मला कधीच रुचलं नाही. जाहिरातीसारखं वाटतं. त्यातला विनोद मात्र दोन वर्षांनी कळला, तो पुढे येईलच. 'इल्युसिव्ह बटरफ्लाय'मध्ये वाद्यांची गर्दी जरा जास्त. आणि पहिल्यांदा ऐकताना ही रेकॉर्ड हातून निसटते. स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता लावली तर संपली कधी ते कळणार नाही. माझं तेच झालं होतं. पहिल्या वेळी मी 'बरी आहे' म्हणून बाजूला ठेवली. एका पावसाळी रात्री वीज जाऊन परत आली, दुसरं काही करायला नव्हतं, तेव्हा हेडफोनवर ऐकली आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून लावली.

तिसरीबद्दल कमी बोलेन, कारण ती समजायला सोपी आहे.

1972 मध्ये मोटाउनने डेट्रॉइट सोडून लॉस एंजेलिसला बिऱ्हाड हलवायचं ठरवलं. फोर टॉप्स म्हणाले, आम्ही येत नाही. दोन वर्षांपूर्वी 'एल. ए. (माय टाउन)' गाणारे हेच ते चौघे. ते डेट्रॉइटलाच राहिले आणि करार केला तो डनहिल कंपनीशी. डनहिल कुठली? लॉस एंजेलिसचीच. तिथे डेनिस लँबर्ट आणि ब्रायन पॉटर ही गोरी गीतकार जोडी आणि निर्माता स्टीव्ह बॅरी त्यांना मिळाले. 'कीपर ऑफ द कॅसल' ही त्यांची पहिली रेकॉर्ड.

नावाच्या गाण्यात घरच्या कर्त्या पुरुषाला उपदेश आहे: घर सांभाळ, बापाने बापासारखं वागावं. उपदेश असूनही ठेक्यामुळे चालून जातो, अमेरिकेत पहिल्या दहांत गेला. मग 'एंट नो वूमन (लाइक द वन आय'व्ह गॉट)' चौथ्या क्रमांकापर्यंत पोचलं. माझ्या मते ते सत्तरच्या दशकातल्या सगळ्यांत सुखी गाण्यांपैकी एक. बायकोबद्दल समाधानी नवरा हा गाण्याचा विषय होऊ शकतो हे सोल संगीतात, म्हणजे मोटाउनवाले गायचे त्या प्रकारात, फार कमी जणांना सुचलं. लँबर्ट-पॉटरची यातली दोन गाणी पुढे दुसऱ्या गटांनीही उचलली, 'पुट अ लिटल लव्ह अवे' इमोशन्सनी आणि 'रिमेंबर व्हॉट आय टोल्ड यू टू फरगेट' टवारेसनी. त्यावरून गाण्यांचा दर्जा कळावा.

रेकॉर्ड स्वच्छ, उजळ, नीटनेटकी आहे. जेमरसनच्या बेसचा चिखल नाही, विल्सनचं धुकंही नाही. पाहुणे आले असताना लावावी अशी. कुणी उठून 'हे काय लावलंयस' म्हणणार नाही. मी म्हणेन की तिच्यात कोपरे कमी आहेत, दहाव्यांदा ऐकताना नवीन काही सापडत नाही. पण आठवड्यातून एकदा लावणाऱ्याला दहाव्या वेळेशी काय देणंघेणं?

तर निवड. तुम्ही फोर टॉप्सचं एकही गाणं ऐकलेलं नसेल आणि घरात त्यांचा कुठलाही संग्रह नसेल, तर 'रीच आउट' घ्या, मोनो मिळाली तर उत्तम. लेव्ही स्टब्स न ऐकता बाकीचं ऐकण्यात अर्थ नाही. हिट गाणी आधीच पाठ असतील, तर तिच्यावर पैसे घालू नका, सरळ 'स्टिल वॉटर्स' घ्या. मार्व्हिन गेचा तो अल्बम आवडणाऱ्यांनी तर विचारही करू नये. 'कीपर' घ्यावी ती घरात सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात रेकॉर्ड लावणाऱ्याने, ज्याला खुर्चीत डोळे मिटून बसायला वेळ नाही त्याने. यात कमीपणा नाही. माझ्या बहिणीला, म्हणजे भाच्याच्या आईला, तीच आवडेल याची मला खात्री आहे.

आणि भाच्या, तुझ्याकडे 'सर्वोत्कृष्ट'ची सीडी आहे, मीच दिली होती. त्यामुळे तुझ्यापुरता प्रश्न संपला. फक्त घेताना एवढं बघ: विकणाऱ्याकडून दोन्ही बाजूंचे फोटो मागव. जुन्या प्रतींमध्ये पहिली बाजू झिजलेली आणि दुसरी कोरी असं पुष्कळदा दिसतं, लोक पहिली लावून थांबतात. दुसरी बाजू चांगली असेल तर थोडा खरखराट चालवून घे, 'स्टिल वॉटर्स (पीस)' तिच्यावरच आहे. पहिल्यांदा रात्री ऐक. शेजाऱ्यांना त्रास होणार नाही, तेवढा आवाज तिला लागतच नाही.